परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी बडोद्यातच उरकायची पैशांची कामे

बडोद्यातील मराठी घरांतून मुलाबाळांकडे अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला जाणारे ज्येष्ठ आता पुष्कळ आहेत. त्यांची औषधे, लोकरीचे कपडे आणि नातवंडांसाठी न्यायची भाकरवडी महिनाभर आधी ठरते. पैशांची व्यवस्था मात्र अहमदाबादच्या विमानतळाकडे निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत राहून जाते. ही ढिलाई महागात पडते, कारण बँकेची बरीच कामे स्वतःच्या सहीने आणि स्वतःच्या मोबाइलवरच होतात, आणि तिकडे बसून ती उरकणे फार जिकिरीचे असते.

पहिले काम मोबाइलचे. बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि तो प्रीपेड असल्यास मुक्काम संपेपर्यंतची मुदत भरून ठेवावी. तिथले सिम घातले आणि इकडचा क्रमांक बंद पडला, की ओटीपी येत नाही आणि स्वतःच्याच खात्यातील पैसे अडकून राहतात.

दुसरे काम कार्डाचे, आणि सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशातील वापरासाठी चालू करून दिले जाते. परदेशातील वापर आपल्याला बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून सुरू करून घ्यावा लागतो. तो सुरू करताना सगळेच पर्याय एकदम उघडू नयेत. परदेशातील अनेक संकेतस्थळे ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर रक्कम कापली जाते. म्हणून दुकान आणि एटीएम यांचा वापर चालू ठेवावा, आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर बंद ठेवून लागेल तेव्हाच उघडावा आणि रोजची मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी. कार्ड हरवल्यास ते बंद करण्यासाठी बँकेचा ९१ पासून सुरू होणारा मदत क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण १८०० चे निःशुल्क क्रमांक बाहेरून बहुधा लागत नाहीत.

परकीय चलन परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. शेजाऱ्यांकडे उरलेले डॉलर घेण्याचा मोह होतो, पण तो व्यवहार कायद्यात बसत नाही. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच रोख नोटा मिळतात, आणि विक्रेत्याला रोख रुपये ५०,००० पेक्षा कमीच देता येतात. खरेदी तेवढ्याची किंवा त्याहून जास्तीची असेल तर सगळी रक्कम बँकेमार्फत द्यावी. नोटा तिथेच उजेडात एकेक करून पाहाव्यात. कडा फाटलेली किंवा शाईची खूण असलेली नोट परत करावी आणि एक, पाच, दहा डॉलरच्या नोटा आवर्जून मागाव्यात. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, भरणे सोयीचे.

निघताना हे सगळे एकाच पाकिटात कोंबू नये. पतिपत्नींनी वेगवेगळ्या खात्यांची कार्डे आपापल्याजवळ ठेवावीत, दिवसाची रोकड वेगळी ठेवावी, आणि एक राखीव कार्ड व थोड्या नोटा कपड्यांच्या आतील पिशवीत असाव्यात. विमानात सोपवायच्या बॅगेत पैसे ठेवूच नयेत.

तिकडे कार्ड वापरताना यंत्र रक्कम रुपयांत घ्यायची की स्थानिक चलनात, असे विचारते. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानाच्या बाजूने लावलेला चढा दर असतो. नेहमी स्थानिक चलन निवडावे. हे मुलांनीही आईवडिलांना एकदा पडद्यावर दाखवून द्यावे.

परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. त्याहून जास्त उरल्यास परतल्यापासून १८० दिवसांच्या आत परवानाधारक विक्रेत्याला परत विकाव्यात आणि कार्डांवरील परदेशातील वापर त्याच आठवड्यात बंद करावा.