जँगोत लपवलेली फील्ड सेव्ह करताना आपोआप कशी भरायची

जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. त्यात फॉर्म कोणी भरला हे आपोआप कसं नोंदवायचं, असं कुणालाही विचारा, सांगतात की फॉर्ममध्ये एक हिडन इनपुट टाक आणि त्यात यूजरचा आयडी भरून ठेव. नका टाकू. हिडन म्हणजे नुसतं डोळ्याला दिसत नाही एवढंच, ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं की कोणीही तो आकडा बदलू शकतो. गोरेगावच्या एका सोसायटीला तक्रारींचं अ‍ॅप करून दिलं होतं मी, त्यात हा शहाणपणा केलेला, तर बी विंगमधल्या एका कॉलेजच्या पोराने तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या नावाने टाकीची तक्रार ठोकली आणि रात्री साडेदहाला सेक्रेटरींचा फोन मला!

मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्रारीचा साचा) आणि लॉगिन तयार आहे असं धरतो.

१. फॉर्मच्या मेटामध्ये फील्ड्सची यादी हाताने लिहा आणि त्यात 'मेंबर', म्हणजे तक्रार करणाऱ्याचं फील्ड, घेऊ नका. टेम्प्लेटमध्येही नको. तारखेला ऑटो_नाऊ_अ‍ॅड लावा, रेकॉर्ड बनतानाच तारीख आपोआप पडते, विषय संपला.

२. आता व्ह्यू, म्हणजे आलेली रिक्वेस्ट हाताळणारं फंक्शन. इज_व्हॅलिड झालं की (नावं मराठीत लिहिली आहेत, कोडमध्ये इंग्रजीत लिहा):

तक्रार = फॉर्म.सेव्ह(कमिट=फॉल्स)
तक्रार.मेंबर = रिक्वेस्ट.यूजर
तक्रार.सेव्ह()
फॉर्म.सेव्ह_एमटूएम()

ही चौथी ओळ बहुतेक जण सांगतच नाहीत, आणि हिच्यापायी माझे दोन दिवस गेले. तक्रारीला प्रकार निवडायचे होते, पाणी, लिफ्ट, पार्किंग, एकाला कितीही, म्हणजे मेनी टू मेनी. तक्रार सेव्ह व्हायची, मेंबर बरोबर लागायचा, प्रकार मात्र रिकामे. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर कोड वाचत होतो तेव्हा कुठे ट्यूब पेटली: कमिट=फॉल्सने रेकॉर्ड डेटाबेसमध्ये जातच नाही, मग त्याला आयडी नाही, आणि आयडीच नाही तर प्रकार जोडणार कशाशी? म्हणून जँगो ते काम बाजूला ठेवतं आणि तुम्ही सेव्ह_एमटूएम बोलवायची वाट बघतं. तेही तक्रार.सेव्ह() झाल्यावरच बोलवायचं, आधी नाही.

फंक्शनऐवजी क्लास व्ह्यू (क्रिएटव्ह्यूसारखा) असेल तर ही भानगडच नाही. फॉर्म_व्हॅलिडमध्ये फॉर्म.इन्स्टन्स.मेंबर = सेल्फ.रिक्वेस्ट.यूजर लिहा आणि सुपरचं फॉर्म_व्हॅलिड रिटर्न करा, प्रकारही आपोआप जातात. मी आता हेच वापरतो.

काही जण मॉडेलच्या सेव्हमध्ये यूजर भरायला बघतात, पण मॉडेलला रिक्वेस्ट माहीतच नसते, मग थ्रेड लोकल वगैरे जुगाड सुरू होतात. कृपा करून नको.

३. अ‍ॅडमिनसाठी सेव्ह_मॉडेल ओव्हरराइड करा, पण 'इफ नॉट चेंज' लावून, म्हणजे फक्त नवीन तक्रारीलाच यूजर भरा, नाहीतर सेक्रेटरींनी स्पेलिंग सुधारलं तरी तक्रार त्यांच्या नावावर.

आणि मेंबर धरून युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा नको असा डेटाबेसचा नियम) असेल तर फॉर्म ते तपासत नाही, कारण ते फील्ड फॉर्ममध्येच नाही. थेट इंटिग्रिटी एरर येते आणि लोकांना पाचशेचं पान दिसतं. फॉर्मच्या क्लीनमध्ये स्वतः तपासा, त्यासाठी यूजर फॉर्मच्या इनिटमध्ये पाठवावा लागेल.