फ्रीजरमधला बर्फ सुरीशिवाय कसा काढावा, आणि फ्रीज आतून-मागून कसा धुवावा

आइस्क्रीमचा डबा फ्रीजरच्या छताला चिकटून बसला, बर्फाचा ट्रे ओढताना अख्खा फ्रीज हलायला लागला, की समजावं, आपल्याला उशीर झालाय. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर ५-६ मिलिमीटरचा झाला की तो काढायला घ्यावा. पट्टी लावून मोजायची गरज नाही. करंगळीच्या निम्म्या जाडीएवढा दिसला, की झालं.

हा भुसभुशीत बर्फ येतो तो हवेतून. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ सगळ्यात गार जागेवर, म्हणजे फ्रीजरच्या भिंतींवर, गोठते. म्हणून पावसाळ्यात थर भराभर चढतो. झाकण न ठेवलेली आमटी आणि निवायच्या आधीच आत ढकललेला भात त्यात भर घालतात. आता बर्फच तो, वाढला तर गारवाच वाढेल असं वाटतं, पण होतं उलट. या बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे तो फ्रीजरवर पांघरलेल्या गोधडीसारखं काम करतो. पत्र्याचा गारवा आतल्या पदार्थांपर्यंत पोचत नाही, कॉम्प्रेसर घरघरत राहतो आणि विजेचं बिल चढतं.

आता सुरीबद्दल, कारण पुढचं सगळं वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. साध्या फ्रीजचा फ्रीजर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा असतो आणि त्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. तिथे सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर काहीही चालवायचं नाही. आमच्या घरी हे एकदा झालं. हात माझाच होता. बर्फाचा एक तुकडा अडून बसला होता, मी सुरीच्या टोकाने जरा जोर दिला आणि ‘स्स्स’ असा बारीक आवाज आला. मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला, ‘जोड मारतो, पण टिकेल असं सांगत नाही.’ टिकला नाही. आता तर बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा पेट घेणारा गॅस असतो. त्याचं नाव फ्रीजवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तसा आवाज आलाच तर खिडक्या उघडा, गॅसची शेगडी आणि देवापुढचा दिवा विझवा, कुठल्याही बटणाला हात लावू नका, आणि मेकॅनिकला बोलवा.

मिठाचाही उपाय सांगतात. मिठाने बर्फ लवकर वितळतो हे खरं, पण तेच मीठ अ‍ॅल्युमिनियमचा पत्राही खातं. नकोच.

आदल्या दोन-तीन दिवसांत

नवी भाजी आणू नका, आहे ती संपवा. अर्धी वाटी वाटण, दोन चमचे खोबऱ्याचा चव, लोणच्याच्या तळाशी राहिलेला खार, ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवलेली चटणी, यांचा निकाल याच दिवसांत लागतो. मासे किंवा मटण असेल तर शिजवून टाका. एकदा वितळलेलं कच्चं मांस परत गोठवायचं नसतं. महावितरणचा ‘दुरुस्तीसाठी उद्या वीज बंद’ असा मेसेज आला असेल, तर तोच मुहूर्त धरा. बर्फ वितळवायला पंखा मिळणार नाही, पण फ्रीज तसाही बंदच राहणार आहे.

सकाळी

१. स्विच बंद करून प्लग काढा. थर्मोस्टॅटच्या नॉबच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटण असतं. ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि बर्फ वितळून फ्रीजर पुरेसा गरम झाला की आपोआप सुरू होतो. पातळ थरासाठी हे बटण रात्री दाबून झोपलं तरी चालतं. पण आज फ्रीज धुवायचाही आहे, म्हणून प्लगच काढा. (जाता जाता: ‘फ्रीज अचानक गार होईनासा झाला’ असं वाटलं, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी हे बटण चुकून दाबलेलं राहिलंय का बघा.)

२. सगळं बाहेर काढा. गोठलेल्या वस्तू एका पातेल्यात एकमेकींना खेटून ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वरून जुनी चादर टाका. दूध तापवून ठेवा. घरात कोणाचं इन्सुलिन असेल तर ते शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये पाठवा, आणि फ्रीजरमध्ये ठेवू नका असं बजावून सांगा. गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं.

३. फ्रीजरखालचा ट्रे जागेवर राहू द्या, पाणी त्यातच पडणार आहे. तो भरला की रिकामा करा. फ्रीजसमोर लादीवर जुना टॉवेल किंवा पोतेरं पसरा, नाहीतर पाणी ओट्याखालपर्यंत जातं.

४. दार सताड उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावा, पण पाणी ओघळेल तिथून लांब. गरम पाण्याचं पातेलं फ्रीजरमध्ये ठेवायची पद्धत जुनी आहे आणि चांगलीही आहे. फक्त पातेल्याखाली दुमडलेलं फडकं ठेवा. उकळतं पाणी भिंतींवर ओतू नका, आत प्लॅस्टिक असतं, ते तडकतं. हेअर ड्रायरही नको, ओल्या जागी विजेची वस्तू हातात कशाला?

वेळ किती लागेल? १ किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात १ लिटर पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे जवळजवळ उकळतं १ लिटर पाणी पूर्ण गार होईपर्यंत जेमतेम किलोभर बर्फ काढतं. म्हणून पातेलं दर १५-२० मिनिटांनी बदला आणि थर जाड असेल तर दोन-तीन तास धरून चाला. तासाभराने बर्फाच्या लाद्या स्वतःहून सुटायला लागतात. त्या हाताने उचला. सुटत नसेल ती लादी अजून सुटायची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बर्फ वितळतोय तोवर

काचेचे कप्पे आधी नुसते बाहेर ठेवा. गार काचेवर कोमट पाणी पडलं तरी ती तडकू शकते. घरातल्या हवेइतकी झाली की भांड्याच्या साबणाने धुवा. भाजीचा ट्रे मोरीत घेऊन घासा. त्याच्या कोपऱ्यात कोथिंबिरीचा जो काळा चिखल असतो, वास बहुतेक वेळा त्याचाच असतो.

आतल्या भिंतींसाठी १ लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा पुरतो. सुती फडकं त्यात बुडवून, पिळून, वरून खाली पुसा आणि मग साध्या पाण्याच्या फडक्याने परत पुसा. फिनेल किंवा वासाचा क्लीनर वापरला तर तो वास आठवडाभर दह्याला लागतो. तारेची घासणी तर कपाटातच राहू द्या, प्लॅस्टिकवर पडलेल्या चऱ्यांमध्येच पुढे डाग बसतात.

दाराच्या रबराच्या घड्यांमध्ये काळी बुरशी असते. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घ्या, घडी बोटाने उघडा, घासा आणि कोरडी करा. मग दहा रुपयांची नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि नोट ओढा. अडखळत आली तर रबर ठीक आहे. सुळकन आली तर तिथून हवा आत जातेय, आणि तुमचा बर्फ एवढ्या लवकर का साठतो याचं उत्तर मिळालं. रबर नुसतं वाकडं झालं असेल, तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून हाताने सरळ करून बघा. चिरलेलं असेल तर बदलावंच लागतं.

मागची बाजू

आतून लख्ख झाला की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. मला विचाराल तर खरी घाण मागे असते. कॉम्प्रेसरच्या वर एक लहानसा ट्रे असतो. वितळलेलं पाणी भोकातून, नळीतून तिथे येतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. पावसाळ्यात ते लवकर उडत नाही, साचून राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढं स्वच्छ, साचलेलं पाणी पुष्कळ झालं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पालिकेचे कर्मचारी कुंड्या आणि पिंपं तपासून झाल्यावर फ्रीजचा ट्रे बघायला मागतात, ते उगाच नाही.

ट्रे निघत असेल तर काढून साबणाने घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडांना चिकटतात आणि कोरडी होऊन महिनोन्महिने टिकतात. ट्रे निघत नसेल तर फडक्याने पाणी टिपून कडा पुसून घ्या. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा करा.

फ्रीजच्या आत मागच्या भिंतीवर पाणी जायचं भोक असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने त्यात कोमट पाणी सोडा. पाणी मागच्या ट्रेमध्ये आलं तर वाट मोकळी आहे. दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजला बर्फ काढायची ही कसरत नसते, त्याच्यात हीटर ते काम करतो. पण भोक त्यालाही असतं. भाजीच्या ट्रेखाली तळं साचत असेल तर आधी ते तुंबलंय का बघा.

मागे काळी जाळी असेल तर कोरड्या मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ काढा. फ्रीज परत लावताना भिंतीपासून वीतभर, निदान चार बोटं तरी लांब ठेवा. नव्या फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्यांच्या आत असते, म्हणून बाजू हाताला गरम लागतात. तो बिघाड नव्हे.

परत सुरू करताना

फ्रीजर कोरड्या फडक्याने टिपून घ्या. राहिलेल्या प्रत्येक थेंबाचा उद्या बर्फच होणार आहे. प्लग लावा आणि रिकामा फ्रीज तासभर चालू द्या. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास असावं. मग वस्तू आत ठेवा, मागच्या भिंतीला न चिकटवता, झाकणं लावून. बर्फाच्या ट्रेखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर तो पुढच्या वेळी चिकटणार नाही.

विरजणाची वाटी मात्र चाखून बघा. सकाळपासून ओट्यावर राहिली असेल तर आत ठेवण्यात अर्थ नाही, आज ताक करा.