भागीत घोडा घेताय? आधी चाऱ्याचा हिशेब

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत चौघांनी मिळून घोडा घ्यायचा बेत आपल्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पारावर शिजतो. बोलणी सगळी किमतीची. पण किंमत एकदाच द्यायची असते, चारा रोजचा.

१. आधी महिन्याचा खर्च काढा. घोड्याला रोज वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा चारा-खुराक लागतो, म्हणजे ३५० किलोच्या जनावराला ७ किलो. वर दर ६ ते ८ आठवड्यांनी खूर तासणं, जंताचं औषध, सांभाळणाऱ्याचा पगार. हे चौघांत वाटा. जो इथंच का-कू करतो, त्याला भागीत घेऊच नका.

२. तीन महिन्यांचा खर्च आधी एका खात्यात टाका, मगच तापीकाठी सारंगखेड्याला जा.

३. घोडा कुणाच्या खळ्यात राहील, एकजण बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कोण घेईल, हे लिहून सह्या करा. मैत्री असली तरी.

४. विकणारा मऊ मातीत नाचवून दाखवतो. तुम्ही कडक रस्त्यावर, दोर सैल सोडून, दुडक्या चालीनं न्यायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर झटकते. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, नंतर बघा!

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा कागद नसेल तर घोडा कितीही देखणा असो, सोडून द्या. तो रोग माणसालाही होतो.