लायब्ररी दिसते, पण फोल्डर दिसत नाही

एप्रिल, हापूसची घाई. देवगडच्या पॅकहाउसमधल्या ताईंना शेअरपॉइंटवरचा (फायली ऑनलाइन ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय) फायटो सर्टिफिकेटांचा, म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याच्या दाखल्यांचा, फोल्डर दिसेना. बाकी लायब्ररी, म्हणजे तिथला फायलींचा साठा, दिसत होती. गाडी भरून उभी. मी रत्नागिरीतून गिअरच्या चिन्हावरून लायब्ररी सेटिंग्जमध्ये, तिथून परमिशन्समध्ये गेलो. ‘चेक परमिशन्स’मध्ये ताईंचं नाव टाकलं, तर एडिटचे हक्क व्यवस्थित! मग वरची पट्टी नीट वाचली (ती आधीच वाचायला हवी): काही आयटमना वेगळे हक्क आहेत. ‘शो दीज आयटम्स’ दाबलं, तर नेमका तोच फोल्डर. गेल्या हंगामात कोणीतरी तो मोजक्या नावांपुरता ठेवला होता. त्या नावांचा स्क्रीनशॉट घेतला, कारण ती यादी पुसली जाते, आणि ‘डिलीट युनिक परमिशन्स’ केलं, म्हणजे फोल्डरला पुन्हा लायब्ररीचेच हक्क लागू झाले. लगेच ताईंचा फोन, “दिसला हो दादा!”