डेटाबेस परिषदेतील तांत्रिक व्याख्यान कसे बांधावे

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस), मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांच्या परिषदेत व्याख्यान द्यावे, असे मराठवाड्यातील अनेक अभियंत्यांना वाटते. परंतु मोठ्या शहरांतल्या कंपन्यांसारखा अब्जावधी नोंदींचा पसारा आपल्यापाशी नाही, या संकोचाने ते प्रस्तावच पाठवत नाहीत. हा संकोच अनाठायी आहे. श्रोत्यांना पसाऱ्यापेक्षा अडचण नेमकी कोठे होती हे ऐकायचे असते, आणि तशी एक अडचण आपल्या दारातच आहे.

२०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. ज्या डेटाबेसमध्ये जिल्ह्याला स्वतंत्र क्रमांक न देता नावालाच प्रायमरी की, म्हणजे नोंद ओळखण्याची खूण, केले असेल, तेथे हा बदल एका ओळीचा राहत नाही. बाजार समितीतील सोयाबीनच्या आवकेचे टेबल जिल्ह्याच्या नावाशी फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलच्या कीकडे बोट दाखवणाऱ्या स्तंभाने) जोडलेले असून त्यावर ‘ऑन अपडेट कॅस्केड’, म्हणजे मूळ की बदलली की येथेही बदलावी असा नियम, असेल, तर त्या जिल्ह्याची प्रत्येक नोंद पुन्हा लिहिली जाते. व्याख्यानाचा विषय एवढाच ठेवावा. प्रस्तावात ‘पोस्टग्रेसची कार्यक्षमता’ असे ऐसपैस शीर्षक देण्याऐवजी ‘एका जिल्ह्याचे नाव बदलताना काय काय लिहिले जाते’ असे द्यावे. निवड करणाऱ्यांना त्यातून व्याख्यानाचा आवाका लगेच कळतो.

त्यानंतर प्रात्यक्षिक उभे करावे. खऱ्या शेतकऱ्यांची किंवा ग्राहकांची माहिती कधीही पडद्यावर आणू नये. ओळीने आकडे तयार करणाऱ्या पोस्टग्रेसच्या ‘जनरेट सिरीज’ फंक्शनने वीस-पंचवीस लाख बनावट नोंदी काही वेळात तयार होतात. आता नाव बदलणारी आज्ञा ‘एक्सप्लेन अनालाइझ’सह (जे आज्ञेच्या पायऱ्या, म्हणजे प्लॅन, आणि लागलेला वेळ दाखवते) चालवली की एक गंमत दिसते. मुख्य प्लॅनमध्ये फक्त जिल्ह्याच्या छोट्या टेबलचा उल्लेख असतो, आवकेच्या टेबलचे नावही नसते, आणि जवळजवळ सगळा वेळ तळाशी ट्रिगरच्या (बदल होताच आपोआप चालणाऱ्या कामाच्या) ओळीत नोंदलेला असतो, कारण पोस्टग्रेस कॅस्केडचे काम अंतर्गत ट्रिगरमार्फत करते. व्याख्यानाचा कणा हाच असल्यामुळे येथे घाई करू नये, श्रोत्यांना ती ओळ स्वतः शोधू द्यावी. फॉरेन कीच्या स्तंभावर पोस्टग्रेस आपोआप इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन शोधण्याची सूची, बनवत नाही, त्यामुळे थोड्याच नोंदी असलेल्या जिल्ह्यासाठीही संपूर्ण टेबल वाचले जाते. मायएसक्यूएलमध्ये नोंदी साठवणारे इनोडीबी इंजिन मात्र असा इंडेक्स स्वतःच तयार करते, हे मायएसक्यूएलवाल्या श्रोत्यांना अवश्य सांगावे.

दुसरा मुद्दा जागेचा. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी नोंद तशीच ठेवून नवी आवृत्ती लिहिणे होय. सगळ्या नोंदी एकाच जिल्ह्याच्या असतील, तर टेबल जवळपास दुप्पट होते. जुन्या आवृत्त्या साफ करणारा साधा व्हॅक्यूम त्यांची जागा पुढील नोंदींसाठी मोकळी करतो, पण फाइल सहसा लहान होत नाही. ती लहान करणारा ‘व्हॅक्यूम फुल’ त्या काळात टेबल वाचण्यासाठीही बंद ठेवतो, आणि सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीला हे परवडणारे नसते. आधीपासून ठरलेल्या (डीफॉल्ट) मूल्यांनुसार मृत नोंदी, म्हणजे निरुपयोगी झालेल्या आवृत्त्या, ५० अधिक टेबलमधील नोंदींच्या २० टक्क्यांहून जास्त झाल्या की आपोआप चालणारा ऑटोव्हॅक्यूम सुरू होतो, त्यामुळे प्रात्यक्षिकापुरता तो त्या टेबलवर बंद ठेवावा आणि तसे केल्याचे श्रोत्यांना स्पष्ट सांगावे. नाही तर आपण दाखवायला निघालेला कचरा बोलता बोलता झाडला गेलेला असतो.

सरावातला एक सापळा असा की ‘एक्सप्लेन अनालाइझ’ दिलेली आज्ञा खरोखरच चालवते. अनेक जण ती ‘बिगिन’ (व्यवहार सुरू) आणि ‘रोलबॅक’ (केलेले बदल रद्द) यांच्यामध्ये ठेवून निश्चिंत होतात. परंतु रोलबॅक झालेल्या नव्या आवृत्त्याही मृत नोंदी म्हणून टेबलमध्ये पडून राहतात आणि दर सरावाला आकडे बदलत जातात. मूळ डेटाबेस टेम्प्लेट (प्रती काढण्याचा नमुना) म्हणून बाजूला ठेवावा आणि प्रत्येक वेळी त्याची नवी प्रत काढावी. प्रत काढताना टेम्प्लेटला दुसरी कोणतीही जोडणी नसावी. संपूर्ण प्रात्यक्षिकाचे चित्रण लॅपटॉपवर ठेवावे; उन्हाळ्यातील वीजपुरवठ्याचा अनुभव असणाऱ्याला याचे कारण सांगावे लागत नाही.

स्लाइडवरील अक्षरे शेवटच्या रांगेतून वाचता यावीत आणि प्लॅनचा नको असलेला भाग कापून टाकावा.

प्रश्नोत्तरांत ‘सुरुवातीलाच क्रमांकाची की का दिली नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. दिली असती तर केवळ एक ओळ बदलली असती, हे सरळ मान्य करावे. मात्र त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०१९ ची पावती आज छापली, तर तिच्यावर जिल्ह्याचे कोणते नाव यावे? क्रमांकाची की एवढ्याने तो सुटत नाही. त्यासाठी नावांचे वेगळे टेबल करून प्रत्येक नाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होते, हे नोंदवावे लागते. त्या टेबलची एक स्लाइड शेवटच्या पानामागे तयार ठेवावी.