सेंद्रिय फवारणीने पाने करपू नयेत यासाठी

गोमूत्र, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ व बेसन पाण्यात आंबवून केलेले द्रावण) किंवा व्हर्मिवॉश (गांडूळखतातून झिरपवून घेतलेले पाणी) गाळून पंपात भरणे आणि पानांच्या दोन्ही बाजूंवर बारीक तुषार उडवणे कोणालाही जमते. खरी अडचण असते ती द्रावण किती पातळ करावे हे ठरवण्यात. मलाही तेच समजायला सर्वांत जास्त वेळ लागला.

‘नैसर्गिक आहे, जास्त झाले तरी अपाय नाही’ हा सल्ला कृपया कोणीही मानू नये. गोमूत्रात युरिया आणि क्षार असतात. ते साठवून ठेवले की युरियापासून अमोनिया तयार होतो, म्हणून जुने, उग्र वासाचे गोमूत्र ताज्यापेक्षा पानांना अधिक झोंबते. फवारलेले पाणी उडून जाते, क्षार मात्र पानावरच राहतात आणि पेशींतले पाणी ओढून घेतात. थेंब ओघळून जिथे साचतात ती टोके व कडा त्यामुळेच आधी तपकिरी पडतात.

एक भाग गोमूत्राला दहा भाग पाणी हे शेतातले प्रमाण मुंबईच्या ग्रिलमधल्या कुंड्यांना तसेच्या तसे लावू नये, कारण तिथे मुळांना जागा थोडी असते आणि पश्चिमेच्या भिंतीची धग संध्याकाळपर्यंत झाडांना लागत राहते. मी लिटरभर पाण्यात 50 मि.ली.हून अधिक गोमूत्र घालत नाही; फर्न, मिरचीची रोपे आणि गुलाबाची तांबूस पालवी यांच्यासाठी त्याच्याही निम्मे घेते. व्हर्मिवॉश त्यामानाने सौम्य असल्याने त्याला दहापट पाणी पुरते. हे पाणी पालिकेच्या नळाचे असावे. ज्या टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, त्यातले क्षार द्रावणातल्या क्षारांत भर घालतात.

प्रमाणाची कितीही खात्री असली तरी एक कोवळे आणि एक जून पान निवडून त्यांवरच आधी फवारावे आणि दोन दिवस थांबावे. करपल्याच्या खुणा पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दिसतात, तेव्हा तासाभरात पाने ताजीतवानी दिसली म्हणून सगळ्या बागेवर पंप फिरवणे मला अक्षम्य वाटते.

फवारणी सकाळी आठच्या आत उरकावी आणि झाडांना आदल्या संध्याकाळी पाणी दिलेले असावे. उन्हात थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात हे गुळगुळीत पानांच्या बाबतीत खरे नाही. ऑक्टोबरच्या उन्हात थेंब झपाट्याने आटून द्रावण तीव्र होते, धोका तो आहे. पावसाळ्यात संध्याकाळची फवारणीही टाळावी, कारण पाने रात्रभर ओली राहून बुरशी धरते.

कडुनिंबाचे तेल लिटरला 3 ते 5 मि.ली. पुरते. ते पाण्यात मिसळण्यासाठी रिठ्याचे पाणी घ्यावे. कपड्यांचा डिटर्जंट पानावरचा मेणाचा थर काढून टाकतो, त्यामुळे तो अजिबात वापरू नये.

इतके करूनही कडा तपकिरी होऊ लागल्या, तर झाड लगेच साध्या पाण्याने वरून खालपर्यंत धुवावे आणि नवी पालवी फुटेपर्यंत फवारणी थांबवावी. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, परंतु पानाचा उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न तयार करत असतो, म्हणून असे पान खुडू नये.