बातमी लिहिताना स्वल्पविरामाच्या या चुका टाळा

नाव, आकडा, तारीख आपण दोनदोनदा तपासतो पण स्वल्पविराम कोणी तपासत नाही, आणि कधीकधी तोच अख्खी बातमी फिरवतो. कोर्टाच्या बातमीतलं वाक्य घ्या, ‘आरोपी म्हणतो, साक्षीदार खोटारडा आहे.’ आता तेच शब्द, त्याच क्रमाने: ‘आरोपी, म्हणतो साक्षीदार, खोटारडा आहे.’ खोटारडा कोण ते उलटंच झालं ना! अपघाताच्या बातमीत तर जखमींचा आकडा बदलतो. ‘ट्रकचा मालक, चालक आणि क्लीनर जखमी’ म्हटलं की माणसं 3, पण मालक स्वतःच गाडी चालवत असेल तर ‘मालक-चालक आणि क्लीनर’ असं हवं, माणसं 2. म्हणून फोनवर बातमी घेताना नुसतं किती जखमी एवढंच विचारू नका, कोण कोण ते पण विचारून घ्या.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘की’च्या नंतरचा स्वल्पविराम. ‘अध्यक्ष म्हणाले की, काम लवकर पूर्ण होईल.’ अहो, ‘की’ पुढचं वाक्य जोडायला आलाय, मग जोडून लगेच तोडायचं कशाला? काही जण ‘म्हणाले, की’ लिहितात, काही जण चिन्हच देत नाहीत, मला दुसरं जास्त आवडतं पण दोन्ही चालतं, फक्त एका बातमीत एकच पद्धत ठेवा. आणि अवतरणचिन्हात त्या माणसाचे जसेच्या तसे शब्दच हवेत, तुम्ही थोडक्यात सांगत असाल तर ती चिन्हं काढून टाका.

‘संतापलेल्या गावकऱ्यांनी, रास्ता रोको केला’ हे पण खूप दिसतं. कर्ता लांबलचक झाला की दम लागतो आणि हात आपोआप स्वल्पविरामाकडे जातो, पण कर्ता आणि त्याची क्रिया यांच्यात एकटा स्वल्पविराम येत नाही. वाक्य लांब वाटतंय तर ते मोडा. ‘केली’, ‘गेले’, ‘झाले’ असं क्रियापद येऊन गोष्ट संपली की सरळ पूर्णविराम द्या, स्वल्पविराम टाकून पुढे ओढत नेऊ नका.

यादीत ‘आणि’च्या आधी पण नको: ‘पाणी, वीज आणि रस्ते’ एवढं पुरे. ही चिन्हं आपल्याकडे मुळात इंग्रजीतूनच आली, 19व्या शतकात ब्रिटिश अधिकारी मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुळवली, पण म्हणून इंग्रजीतली प्रत्येक सवय उचलायलाच हवी असं नाही.

‘पैसे कुठे गेले, असा सवाल त्यांनी केला?’ इथलं प्रश्नचिन्ह चूक. प्रश्न त्यांचा आहे, तुमचं वाक्य साधं विधान आहे, त्याला पूर्णविराम.

हेडिंगमध्ये जोर द्यायला अवतरणचिन्ह वापरू नका, ‘मोफत’ शिबिर असं छापलं की वाचणाऱ्याला वाटतं खरंच मोफत आहे की नाही कोण जाणे. आणि ‘अपघातात तीन ठार!’ मधलं उद्गारचिन्ह प्लीज काढा, ती बातमी त्यांच्या घरचे पण वाचणार असतात.

शेवटी टायपिंगचं. चिन्हाच्या आधी स्पेस दिली तर अरुंद कॉलममध्ये स्वल्पविराम सुटून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसू शकतो. पान लावायच्या आधी फाइंड-रिप्लेसमध्ये ‘स्पेस आणि स्वल्पविराम’ शोधून तिथे नुसता स्वल्पविराम टाका, सगळे एका फटक्यात सुधारतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केला असेल तर अवतरणचिन्हं मात्र डोळ्यांनीच तपासा, कन्व्हर्ट होताना ती बिघडू शकतात.